यंग मार्बल जायंट्स

यंग मार्बल जायंट्स हा वेल्समधल्या कार्डिफ शहरातला तीन जणांचा बँड. १९७८ ला सुरू झाला आणि १९८० संपेपर्यंत मोडलासुद्धा, म्हणजे धड तीन वर्षंही नाहीत, आणि तेवढ्यात एकच अल्बम, 'कोलोसल यूथ'. गिटार आणि ऑर्गन वाजवणारा स्टुअर्ट मॉक्सम, बास गिटारवर त्याचा भाऊ फिलिप, आणि गायला अ‍ॅलिसन स्टॅटन. ड्रमर नव्हताच. यांना सहसा पोस्ट-पंकमध्ये, म्हणजे पंक या आरडाओरडीच्या रॉकनंतर आलेल्या प्रयोगशील संगीतात धरतात, पण पुढे मुख्य प्रवाहाबाहेरच्या ज्या रॉकला इंडी आणि आल्टरनेटिव्ह म्हणायला लागले त्यातल्या बऱ्याच शांत, घरगुती आवाजाच्या बँड्सचं मूळ शोधत गेलं की माणूस इथेच येऊन पोचतो.

नाव कुठून आलं तर प्राचीन ग्रीक शिल्पकलेवरच्या एका पुस्तकातून. ग्रीसमध्ये तरुण पुरुषांचे उभे, ताठ, माणसापेक्षाही मोठे संगमरवरी पुतळे करायचे, त्यांना कूरोस म्हणतात, त्या पुतळ्यांच्या वर्णनातले हे शब्द. अल्बमचं नावही त्याच पुतळ्यांवरून.

आधी हे तिघं कार्डिफमध्ये ट्रू व्हील नावाच्या बँडमध्ये होते, तिथे दुसऱ्यांचीच गाणी वाजवायचे. नवा बँड काढला तेव्हा सुरुवातीला चौथा माणूसही होता, मॉक्सम भावांचा चुलत-मावस नात्यातला पीटर जॉईस. तो टेलिफोन इंजिनिअर, इलेक्ट्रॉनिक्सचं वेड असलेला, घरीच वस्तू जोडून सिंथेसायझर बनवणारा. ड्रम मशीनचे, म्हणजे ड्रमचे ठोके आपोआप वाजवणाऱ्या यंत्राचे ताल कॅसेटवर रेकॉर्ड करून ठेवायचे आणि स्टेजवर ती कॅसेट लावून तिच्यावर वाजवायचं, अशी पद्धत त्यातून बसली आणि तीच या बँडची ओळख झाली. विचार करा, १९७९ साल, पंकचा धुरळा अजून खाली बसलेला नाही, बाकीचे सगळे जिवाच्या आकांताने ओरडतायत आणि इथे तीन जण जवळजवळ न हलता उभे आहेत, टेपरेकॉर्डर टिकटिक करतोय आणि एक मुलगी शेजारच्या खोलीत स्वतःशीच गुणगुणावं तशी गातेय. याला फार हिंमत लागते. आवाज वाढवून लोकांचं लक्ष वेधणं सोपं असतं.

१९७९ मध्ये कार्डिफच्या बँड्सचा 'इज द वॉर ओव्हर?' नावाचा एक संग्रह निघाला, त्यात यांची दोन गाणी होती. ती लंडनच्या रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीच्या जेफ ट्रॅव्हिसपर्यंत पोचली आणि त्याने एखादी सिंगल, म्हणजे एखाद-दुसऱ्या गाण्याची रेकॉर्ड, न मागता थेट अख्खा अल्बमच करायला सांगितलं. अल्बम वेल्समधल्याच फोएल स्टुडिओत पाच दिवसांत रेकॉर्ड झाला, बरीचशी गाणी पहिल्याच टेकमध्ये. पंधरा गाणी, त्यातली काही नुसती वाद्यांची, आणि बहुतेक तीन मिनिटांच्या आतली. फेब्रुवारी १९८० ला बाजारात आला. कव्हरवर तिघांचे अर्धे सावलीत बुडालेले काळेपांढरे चेहरे, बाकी काही सजावट नाही, आतल्या संगीतासारखंच.

आता ते संगीत नेमकं कसं आहे ते जरा सावकाश सांगायला हवं कारण 'मिनिमल' एवढं म्हणून लोक पुढे जातात. स्टुअर्ट उजव्या तळहाताने तारा दाबून धरत गिटार वाजवतो, त्यामुळे सूर लांबत नाही, टप् टप् असा तुटक येतो आणि लगेच विझतो. त्या विझलेल्या जागेत फिलिपचा बास शिरतो, आणि हा बास खाली बसून नुसता आधार देत नाही, वर चढून चाल वाजवतो, कितीतरी गाण्यांत लक्षात राहणारी ओळ बासचीच आहे. मागे ड्रम मशीन, तेही इतकं बारीक की घड्याळ असावं. आणि या सगळ्यावर अ‍ॅलिसनचा आवाज, ज्यात गायिकेचा आव अजिबात नाही, हरकती नाहीत, गळा काढणं नाही, सरळ बोलल्यासारखे शब्द सुरात ठेवत जाते. 'सर्चिंग फॉर मिस्टर राइट' हे पहिलंच गाणं रात्री घरातली सगळी झोपल्यावर हेडफोन लावून ऐका, दोन सुरांमधली मोकळी जागा कानाला कळते, आणि ती जागा मुद्दाम राखलेली आहे हेही कळतं. शब्द बहुतेक स्टुअर्टचेच, एका पुरुषाने लिहिलेलं तुटलेल्या प्रेमाचं दुःख एक मुलगी कसलाही उमाळा न आणता गातेय, त्यामुळे ते जास्त लागतं असं मला कायम वाटत आलंय.

त्याच वर्षी 'फायनल डे' हे छोटं रेकॉर्ड आलं. शीर्षकगीत दोन मिनिटांचंही नाही आणि विषय काय तर अणुयुद्धाचा शेवटचा दिवस. १९८० च्या मे महिन्यातच ब्रिटिश सरकारने अणुहल्ला झाला तर घरात कसं वाचायचं याची 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' नावाची पुस्तिका विक्रीला काढली होती, म्हणजे ही भीती तेव्हा घराघरात होती. गाणंभर मागे एकच उंच सूर चालू राहतो, तानपुऱ्यासारखा आसरा देणारा नव्हे, कानात बारीक टोचत राहणारा, आणि गाणारी मात्र बाजारातून काय आणायचंय ते सांगावं इतक्या शांतपणे जग संपल्याचं सांगते. बीबीसी रेडिओवर नवनवे बँड ऐकवणाऱ्या जॉन पीलने बँडला उचलून धरलं, ऑगस्ट १९८० मध्ये त्याच्या कार्यक्रमासाठी त्यांनी खास रेकॉर्डिंगही केलं.

मग अमेरिकेचा दौरा, आणि तिथून परत आल्यावर सगळं थांबलं. भांडणाचा एखादा मोठा प्रसंग घडला असं नाही, घरातलीच माणसं, सतत एकत्र, अ‍ॅलिसन आणि फिलिप आधी जोडीदार होते ते नातं संपलेलं, आणि स्टुअर्टला स्वतःची गाणी स्वतः गायची होती हे त्याने नंतर मोकळेपणाने सांगितलंय. 'टेस्टकार्ड' हे वाद्यांचं छोटं रेकॉर्ड १९८१ मध्ये आलं तोवर बँड उरलाच नव्हता. टीव्हीवर कार्यक्रम नसताना टेस्टकार्डच्या चित्रामागे जे निरुपद्रवी संगीत वाजायचं त्याला वाहिलेलं ते रेकॉर्ड आहे आणि फार गोड आहे.

पुढे अ‍ॅलिसन वीकएंड नावाच्या जॅझकडे झुकणाऱ्या बँडमध्ये गेली, त्यांचा 'ला व्हरायते' १९८२ चा, आणि स्टुअर्टने द जिस्ट काढला.

खरी प्रसिद्धी मिळाली ती अमेरिकेतून, दहा-बारा वर्षांनी. निर्वाना या अमेरिकी बँडच्या कर्ट कोबेनने स्वतःच्या आवडत्या पन्नास अल्बम्सची यादी वहीत लिहिली होती त्यात 'कोलोसल यूथ' आहे, आणि कोर्टनी लव्हच्या होल बँडने १९९४ च्या 'लिव्ह थ्रू दिस' मध्ये यांचं 'क्रेडिट इन द स्ट्रेट वर्ल्ड' घेतलं. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. होलवाल्यांनी त्यात गिटारचा डोंगर रचलाय, गळा फाडलाय, आणि तरी चाल जागची हलत नाही, इतकी पक्की बांधलेली आहे.

२००७ मध्ये डॉमिनो कंपनीने अल्बम पुन्हा काढला आणि त्याच वर्षी वेल्सच्या हे-ऑन-वाय गावातल्या महोत्सवात तिघं परत एकत्र उभे राहिले, सोबत तिसरा मॉक्सम भाऊ अँड्र्यू तालासाठी. अधूनमधून कार्यक्रम होत राहिले, ऑगस्ट २०१५ मध्ये लंडनला मेल्टडाउन महोत्सवातही वाजवलं. दुसरा अल्बम मात्र त्यांनी केला नाही.