सागरी पवनऊर्जा प्रकल्पांतील विद्युत अतिदाब

समुद्रातील पवनचक्क्यांच्या विद्युत जाळ्यात व्होल्टेज नेमून दिलेल्या मर्यादेच्या वर चढणे म्हणजे अतिदाब. तो काही मायक्रोसेकंद टिकतो किंवा काही सेकंदही. अशा वेळी संशय आधी आकाशातल्या विजेवर जातो. पण पात्यांना तडितरोधक बसवलेले असतात आणि केबल समुद्रतळाशी पुरलेल्या असतात. बरेचसे दुखणे जाळ्याच्या आतच, ब्रेकर (विजेची वाट जोडणारा-तोडणारा स्विच) उघडताना-मिटताना उपजते.

पवनचक्कीतील रोहित्र जनित्राची वीज ३३ किंवा ६६ किलोव्होल्टवर चढवते आणि ती केबलने सागरी उपकेंद्राकडे जाते. व्हॅक्यूम ब्रेकर (ज्याचे संपर्क निर्वात पोकळीत असतात) मिटत असताना संपर्क टेकण्याआधीच मधल्या फटीत ठिणगी उडते, विझते, पुन्हा उडते. दर ठिणगीला दाबाची एक तीव्र लाट केबलमध्ये शिरते. साधारण ८०० मीटर दूरच्या पवनचक्कीपर्यंत तिला जेमतेम ५ मायक्रोसेकंद लागतात. केबलचा तरंगरोध (लाटेला होणारा विरोध) दोन अंकी ओहम, तर रोहित्राचा त्याच्या कित्येक पट. त्यामुळे टोकाला आदळलेली लाट परतते आणि तिथला दाब जवळजवळ दुप्पट होतो. त्याहून वाईट म्हणजे लाट इतकी खडी असते की दाब वेटोळ्यात सारखा वाटला न जाता पहिल्या काही वेढ्यांवरच एकवटतो. परिणामी सर्ज अरेस्टरने (जादा दाब जमिनीत वळवणाऱ्या उपकरणाने) शिखर छाटले तरी वेढ्यांमधले निरोधन कुरतडले जातच राहते. म्हणून रोध आणि कपॅसिटर (वीजभार साठवणारा घटक) यांची जोडणी किंवा चोक (प्रवाहातील झटपट बदलाला अडवणारे वेटोळे) बसवून लाटेचा चढच सौम्य करतात. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह प्रकल्पात (२००२, ८० पवनचक्क्या) सुरुवातीच्या वर्षांत अनेक रोहित्रे निकामी झाली. त्यामागे निर्मितीतील दोषही होते, त्यामुळे सगळे खापर स्विचिंगवर फोडता येत नाही.

संथ अतिदाबाची कारणे वेगळी. उपकेंद्राचा ब्रेकर उघडला आणि चक्क्या फिरतच राहिल्या, तर एका केबलवरच्या चक्क्यांची ती रांग जाळ्यापासून तुटून एकटी पडते. तिचा न्यूट्रल (तिन्ही फेजचा सामाईक बिंदू) जमिनीशी जोडलेला नसेल आणि एका फेजचा भूदोष (त्या फेजचा जमिनीशी संपर्क) असेल, तर उरलेल्या दोन फेजवरचा दाब १.७३ पटीपर्यंत जातो. यासाठी न्यूट्रल जमिनीशी जोडून देणारे अर्थिंग रोहित्र लावतात.

किनाऱ्याकडे जाणारी लांब केबल स्वतःच मोठा कपॅसिटर असते. भार कमी असताना तिच्या दूरच्या टोकाचा दाब वाढतो (फेरांती परिणाम), आणि रोहित्र चालू करताना उठणाऱ्या हार्मोनिक प्रवाहांशी (मूळ वारंवारतेच्या पटीतल्या प्रवाहांशी) तिचे अनुस्पंदनही जुळू शकते, म्हणजे दोन्ही एका तालात येऊन दाब वाढतो. दाब आवरायला शंट रिअॅक्टर (केबलच्या कपॅसिटरपणाला तोलणारे वेटोळे) बसवावे, तर केबल चालू करताना प्रवाह काही आवर्तने शून्यातून जातच नाही आणि शून्याच्या क्षणीच प्रवाह तोडू शकणाऱ्या ब्रेकरला तो तोडता येत नाही, आगीतून फुफाट्यात!

किनारा फार दूर असेल तिथे वीज डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या) केबलने आणतात. जमिनीवरच्या जाळ्यात दोष आला की तिकडे वीज उतरत नाही, चक्क्या मात्र ती ओततच राहतात आणि डीसी दाब मिलिसेकंदांत चढतो. अशा वेळी किनाऱ्यावरचा चॉपर (झटपट चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) ही जादा ऊर्जा मोठ्या रोधांमध्ये जाळून टाकतो.