बहुमत असलं तरी विरोधकांची मतं लागतातच

फिरत असलेला दावा असा: अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि दोन्ही सभागृहं एकाच पक्षाची असली की हवा तो कायदा होतो, विरोधकांच्या सहकार्याची गरजच नसते.

हे पटतं, कारण आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे आणि व्हिप मोडला तर खासदारकी जाऊ शकते. अमेरिकेत असा कायदा नाही. तिथे सत्ताधारी पक्षाचा सदस्यही उघड विरोधात मत देतो आणि सदस्य म्हणून कायम राहतो.

खरं घोडं अडतं ते सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात. सदस्य १००. विधेयक मंजूर व्हायला साधं बहुमत पुरतं, पण आधी चर्चा थांबवावी लागते आणि त्यासाठी ६० मतं लागतात. ५४ जागांचा पक्ष पूर्ण एकजुटीने उभा राहिला तरी सहा मतं पलीकडून आणावीच लागतात. नेमणुका आणि अर्थसंकल्पाशी निगडित ठरावीक विधेयकांना ही अट नाही. तेवढी कामं झपाट्याने होतात, बातम्याही त्यांच्याच होतात, आणि गैरसमज पक्का होतो.

पडताळायचं तर सिनेटच्या संकेतस्थळावर मतदानाच्या नोंदी उघडा आणि एखाद्या विधेयकावरचा ‘क्लोचर’ (चर्चा थांबवण्याचा) प्रस्ताव शोधा. आवश्यक बहुमत ३/५ दिसेल. ५४ विरुद्ध ४६ असूनही प्रस्ताव फेटाळलेला असेल, तर विधेयक तिथेच अडलं. कोणी कुठे मत दिलं, तेही नावानिशी आणि पक्षानिशी खाली दिलेलं असतं.