ब्लूमर वेगळा, पेंटलंड वेगळा, आणि 'मॅनेजर' हा शब्द त्याहून वेगळा

पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत अडकलेला इंग्लंडचा महान स्ट्रायकर पुढे स्पेनला गेला, बिलबाओच्या ॲथलेटिक क्लबचा मॅनेजर झाला आणि तिथल्या पोरांना पासिंग शिकवलं. हे वाक्य थोड्याफार फरकाने मी इतक्या वेळा वाचलंय की आता दिसलं की राहवतच नाही. त्यातला एकेक तुकडा खरा आहे, पण तुकडे दोन वेगळ्या माणसांचे आहेत. महान स्ट्रायकर म्हणजे स्टीव्ह ब्लूमर. बिलबाओवाला म्हणजे फ्रेड पेंटलंड. आणि मॅनेजर? खरं तर त्या एका शब्दासाठीच हे सगळं लिहायला घेतलंय.

घोळ होतो यात लोकांची फार चूक नाही, कारण दोघांचा प्रवास बघितला तर कुणीही गोंधळेल. दोघेही मिडल्सब्रोकडून एकत्र खेळले, पेंटलंड १९०८ ला तिथे आला तेव्हा ब्लूमर होताच, १९१० पर्यंत राहिला. १९१४ मध्ये दोघेही कोचिंगसाठी जर्मनीला गेले. युद्ध सुरू झालं आणि दोघेही बर्लिनजवळच्या एकाच छावणीत बंद झाले. सुटल्यावर थोडं इकडेतिकडे करून दोघेही स्पेनच्या बास्क भागात पोचले, आणि हद्द म्हणजे स्पेनचा कप, कोपा देल रे, १९२३ ला एकाच्या टीमने जिंकला आणि १९२४ ला दुसऱ्याच्या.

ब्लूमरचा खेळ बहुतेकांना माहिती असतो म्हणून भरभर सांगतो. जन्म १८७४, लहानपणीच डर्बीला आला, १८९२ ला डर्बी काउंटीकडून सुरुवात. लीगमध्ये एकूण ३५२ गोल, त्यातले २९३ डर्बीसाठी आणि ५९ मिडल्सब्रोसाठी. इंग्लंडकडून २३ मॅच आणि २८ गोल, पहिल्या सलग १० मॅचमध्ये प्रत्येक वेळी गोल. १८९६ ला वेल्सविरुद्ध एकट्याने ५. १९०६ ला डर्बीने त्याला मिडल्सब्रोला विकलं तेव्हा डर्बीच्या लोकांना ते सहन झालं नव्हतं, पण १९१० ला तो परत आला आणि ३८ व्या वर्षी कॅप्टन म्हणून सेकंड डिव्हिजन जिंकून दिली. एफए कप मात्र कधीच नाही, १८९८ आणि १८९९ च्या दोन्ही फायनल हरला, १९०३ च्या फायनलला दुखापतीमुळे बाहेर बसला आणि डर्बी ६-० ने हरली.

पेंटलंडच्या बाबतीत पहिली गोष्ट लक्षात ठेवा, तो स्ट्रायकर नव्हता. उजव्या बाजूचा विंगर. जन्म वुल्वरहॅम्प्टनचा, १८८३ चा, म्हणजे ब्लूमरपेक्षा नऊ वर्षांनी लहान. ब्लॅकबर्न, ब्रेंटफर्ड, क्वीन्स पार्क रेंजर्स, मिडल्सब्रो, हॅलिफॅक्स, स्टोक असे क्लब बदलत राहिला. इंग्लंडकडून १९०९ च्या एकाच वर्षात ५ मॅच, गोल शून्य. त्यातल्या तीन मॅच हंगेरी आणि ऑस्ट्रियाच्या दौऱ्यावरच्या, म्हणजे मध्य युरोपात काय चाललंय हे त्याने खेळाडू असतानाच बघितलेलं होतं, आणि मला वाटतं हे पुढच्या गोष्टीसाठी त्याच्या गोलांपेक्षा महत्त्वाचं आहे.

छावणीचं नाव रूलेबेन. ही युद्धकैद्यांची छावणी नव्हती, इथेही लोक चुकतात. यात पकडलेले सैनिक नव्हते, युद्ध सुरू झालं तेव्हा जर्मनीत असलेले साधे ब्रिटिश नागरिक होते. व्यापारी, खलाशी, विद्यार्थी, जॉकी, गायक-वादक, आणि हे फुटबॉलवाले. ब्लूमर बर्लिनच्या ब्रिटानिया क्लबला शिकवायला गेला होता, जेमतेम काही आठवडे झाले होते. पेंटलंडला जर्मनांनी ऑलिंपिक टीम तयार करायला बोलावलं होतं, कारण १९१६ चं ऑलिंपिक बर्लिनला ठरलेलं होतं, जे झालंच नाही. नोव्हेंबर १९१४ मध्ये जर्मनीने ब्रिटिश पुरुषांना सरसकट उचललं आणि स्पांडाउजवळच्या घोड्यांच्या रेसकोर्सवर नेऊन टाकलं. माणसांना ठेवलं कुठे, तर तबेल्यात. एका घोड्याच्या ठाणात सहा माणसं, सिमेंटची जमीन, त्यावर पेंढा, आणि बाहेर बर्लिनची थंडी. पहिला हिवाळा असा गेला. पुढे १९१५ च्या वसंतात ट्रॅकच्या आतली जागा खेळायला मिळाली आणि या लोकांनी चक्क तिथे फुटबॉल असोसिएशन काढली, पेंटलंड अध्यक्ष, टॉटनहॅमला १९०१ चा एफए कप जिंकून देणारा जॉन कॅमेरॉन सेक्रेटरी, बराकींच्या टीम, लीगचे सामने, कप, सगळं. ब्लूमर चाळिशी ओलांडलेला, तरी खेळत होता. पेंटलंड खेळायचा पण, पण त्याहून जास्त संघटना चालवायचा. दोघांमधला फरक इथेच दिसायला लागतो खरं तर.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे मॅनेजर. ब्लूमर असो वा पेंटलंड, दोघांच्याही माहितीत 'खेळाडू, नंतर मॅनेजर' असं छापलेलं सापडतं आणि आपण आजचा माणूस डोळ्यासमोर आणतो. टचलाइनवर ओरडणारा, टीम निवडणारा, सिस्टिम ठरवणारा, कुठला खेळाडू विकत घ्यायचा हे सांगणारा. त्या काळात इंग्लंडमध्ये असा माणूस जवळपास नव्हताच. तिथे ही कामं तीन जणांत वाटलेली होती. मॅनेजर म्हणजे सेक्रेटरी-मॅनेजर, ऑफिसचा माणूस. पत्रव्यवहार, करार, गेटवरचे पैसे, खेळाडूंचे पगार, ट्रेनची तिकिटं, बाहेरगावी राहायची सोय. टीम निवडायचे क्लबचे डायरेक्टर, म्हणजे गावातले कारखानदार, दारूचे व्यापारी वगैरे, कमिटीत बसून नावं ठरवायचे. आणि तिसरा ट्रेनर, ज्याच्याकडे पाण्याची बादली आणि स्पंज, जो पाय चोळायचा आणि मैदानाभोवती पळायला लावायचा. बॉलने सराव फारसा नाहीच, कारण आठवडाभर बॉलपासून लांब ठेवलं की शनिवारी खेळाडू बॉलसाठी भुकेला असतो अशी पक्की समजूत होती.

या तिघांत शिकवणारा कोण ते शोधा. कुणीच नाही. बॉल कसा थांबवायचा, पास द्यायच्या आधी शरीर कुठे वळवायचं, दोघांनी मिळून तिसऱ्याला जागा कशी करून द्यायची, हे शिकवायची गोष्ट आहे असं इंग्लंडला वाटतच नव्हतं. खेळाडू जन्मतो, बस. म्हणून निवृत्त झालेल्या चांगल्या खेळाडूला ज्ञान वाटायचं असेल तर त्याच्यासाठी देशात खुर्चीच नव्हती, आणि तो बोटीत बसून निघायचा. जिमी होगन व्हिएन्ना-बुडापेस्टला गेला, विल्यम गार्बट जेनोआला, जॅक ग्रीनवेल बार्सेलोनाला. ब्लूमर आणि पेंटलंड याच लाटेतले. हे लोक मॅनेजर व्हायला गेलेच नव्हते, कोच व्हायला गेले होते, आणि हा फरक पकडला की दोघांची अर्धी गोष्ट आपोआप सुटते.

आपल्याला हा फरक कळायला खरं तर अवघड जायला नको, क्रिकेटमध्ये आपण तो जगलोय. १९८३ च्या वर्ल्ड कपला मानसिंग टीमचे मॅनेजर होते, पण मोहिंदर अमरनाथने बॉल कुठे टाकायचा हे ते सांगत नव्हते, हॉटेल, प्रवास, पैसे, बोर्डाशी बोलणं ही त्यांची कामं, आणि कोच त्या टीमला नव्हताच. पुढे नव्वदीत अजित वाडेकर यांनाही मॅनेजरच म्हणायचे पण त्यांचं काम बऱ्यापैकी कोचचं होतं. शब्द तोच, काम वेगळं. इंग्लिश फुटबॉलमध्येही असंच सरकलं, आणि ते सरकवण्यात सगळ्यात मोठा हात हर्बर्ट चॅपमनचा, जो स्वतः साधारण दर्जाचा फॉरवर्ड होता आणि आधी हडर्सफील्ड, मग १९२५ पासून आर्सेनलमध्ये त्याने डायरेक्टरांकडून टीमचा ताबा आपल्याकडे घेतला. आजचा मॅनेजर चॅपमनच्या वंशातला आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय टीमचं तर विचारूच नका, तिथे १९४६ ला वॉल्टर विंटरबॉटम आला तरी निवड कमिटीच करायची, टीम पूर्णपणे मॅनेजरच्या हातात आली ती १९६३ ला आल्फ रॅम्झीच्या वेळी.

म्हणून ब्लूमरला 'स्ट्रायकर, नंतर मॅनेजर' म्हटलेलं मला अजिबात पटत नाही. त्याने इंग्लंडमध्ये एकदाही मॅनेजरची खुर्ची सांभाळली नाही. रूलेबेनमधून १९१८ ला बाहेर पडून ॲमस्टरडॅमला ब्लाउ-विट क्लबला शिकवलं, परत येऊन डर्बीच्या राखीव टीमबरोबर काम केलं, मध्ये कॅनडात जाऊन आला, आणि १९२३ ला इरूनच्या रेआल युनियनकडे गेला. पेंटलंडची उलट गंमत, ज्याला इंग्रजी अर्थाने मॅनेजर म्हणता येईल अशी नोकरी त्याने केली, पण ती शेवटी, १९३८ मध्ये, थर्ड डिव्हिजन नॉर्थमधल्या बॅरोला, आणि दुसरं महायुद्ध आलं आणि तीही गेली. ज्यासाठी तो मोठा आहे ते सगळं त्याने कोच म्हणून केलं. स्पॅनिश खेळाडू आजही कोचला 'मिस्टर' म्हणून हाक मारतात ते याच पिढीतल्या इंग्रज कोचांमुळे.

एक पोटघोळ अजून. १५ मे १९२९ ला माद्रिदमध्ये स्पेनने इंग्लंडला ४-३ हरवलं, ब्रिटिश बेटांबाहेरच्या टीमकडून इंग्लंडचा हा पहिला पराभव. बरेच जण लिहितात स्पेनचा मॅनेजर पेंटलंड होता. नव्हता. टीम निवडणारे होसे मारिया मातेओस होते, पेंटलंड त्यांच्या मदतीला कोच म्हणून होता. इथेही निवडणारा वेगळा आणि शिकवणारा वेगळा.

आता स्पेनमधलं काम. इरून आणि बिलबाओ दोन्ही बास्क भागात, पण इरून म्हणजे फ्रान्सच्या सीमेला चिकटलेलं छोटं गाव, आणि बिलबाओ म्हणजे लोखंड आणि जहाजांचं मोठं औद्योगिक शहर. ब्लूमरच्या रेआल युनियनने १९२४ च्या फायनलमध्ये रेआल माद्रिदला १-० हरवलं, आणि हे छोट्या क्लबसाठी मोठंच होतं, पण त्या टीममध्ये रेने पेती, गाम्बोरेना, पात्रिसियो असे तयार खेळाडू आधीपासून होते, क्लबने १९१८ ला कप जिंकलेला होता आणि ब्लूमर गेल्यावर १९२७ ला परत जिंकला. ब्लूमरने चांगली टीम नीट हाताळली असं मी म्हणेन, घडवली म्हणणार नाही. स्पॅनिश लीग सुरू झाली १९२९ ला, तोवर तो कधीच इंग्लंडला परतला होता, त्यामुळे ब्लूमरच्या नावावर लीगचं विजेतेपद दिसलं की समजायचं तिथे पेंटलंड आहे.

पेंटलंडचं तसं नाही. ॲथलेटिकनेही त्याच्या आधी कप जिंकलेले होते, पण लांब बॉल आणि धडकाधडकीच्या इंग्लिश पद्धतीने. गंमत बघा, एका इंग्रजाने येऊन त्यांची इंग्लिश सवय मोडली आणि छोटे पास शिकवले. त्याच्याबद्दल सांगतात की आल्याआल्या त्याने सगळ्यात आधी बुटांच्या नाड्या कशा बांधायच्या ते शिकवलं. मोठी माणसं, कप जिंकलेली, बाकावर बसून नाड्या ओवतायत आणि हा समोर उभा. पण विचार करा, त्या काळातले बूट घोट्याच्या वरपर्यंत, जाड चामड्याचे, पावसात भिजले की जड, आणि बिलबाओत पाऊस किती पडतो. नाडी सैल असली की पाय बुटात सरकतो, पाय सरकला की बॉलला बाजूने अलगद स्पर्श होत नाही, आणि छोट्या पासचा अख्खा खेळ त्या स्पर्शावर उभा असतो. मला पेंटलंड या एका गोष्टीत पूर्ण दिसतो.

१९२३ चा कप जिंकून, मधे माद्रिद आणि ओव्हिएदो करून तो १९२९ ला परत आला आणि मग जे झालं ते आजही वाचताना अंगावर काटा येतो. १९२९-३० ची लीग, १८ मॅच, १२ जिंकल्या, ६ बरोबरीत, एकही हरली नाही. १९३०-३१ ची लीग परत. कप १९३० ते १९३३ सलग चार. ८ फेब्रुवारी १९३१ ला सान मामेस या घरच्या मैदानावर बार्सेलोनाचा १२-१ पराभव, त्यात बाता या एकट्या फॉरवर्डचे ७ गोल. लाफुएंते, इरारागोरी, चिरी, गोरोस्तिसा, ही फॉरवर्ड लाइन त्याने बसवली.

बाकी फरक किरकोळ आहेत. ब्लूमर डर्बीतच १९३८ ला गेला, पेंटलंड १९६२ ला. ब्लूमर बेसबॉलही उत्तम खेळायचा. फोटोत ओळखायचं तर गोल काळी बोलर हॅट म्हणजे पेंटलंड, बिलबाओत त्याला एल बोंबिन म्हणायचे ते त्या हॅटवरूनच, आणि मोठी मॅच जिंकली की खेळाडू ती हॅट त्याच्या डोक्यावरून ओढून घ्यायचे आणि तिच्यावर उड्या मारून तिचा चुराडा करायचे. पुढच्या मॅचला तो नवी घालून यायचा.

दोघांना कुठे जपलंय तेही त्यांच्या कामाप्रमाणेच आहे. डर्बीच्या मैदानावर ब्लूमरचा अर्धपुतळा आहे आणि घरच्या मॅचआधी त्याच्या नावाचं गाणं लागतं, ते त्याच्या गोलांसाठी, इरूनसाठी नाही. पेंटलंडला इंग्लंडमध्ये फार कुणी ओळखत नव्हतं. बिलबाओने मात्र डिसेंबर १९५९ मध्ये त्याला आवर्जून बोलावून घेतलं, तेव्हा तो ७६ वर्षांचा होता. चेल्सीविरुद्ध त्याच्या सन्मानार्थ मॅच ठेवली होती आणि सान मामेसच्या मध्यावर जाऊन पहिली किक त्यानेच मारली.