गोषवाऱ्यातून गळलेलं पाचवं वाक्य

पुण्यातल्या कोथरूडमधल्या सोसायटीत लिफ्टशेजारच्या फळ्यावर लागते तशी एक सूचना मी या लेखासाठी तयार केली आहे. वाक्यं पाचच आहेत.

"सोसायटीच्या पाण्याच्या टाक्यांची सफाई येत्या रविवारी होणार आहे. टाक्यांची सफाई सकाळी सात वाजता सुरू होईल. रविवारी सकाळी पाण्याचा वापर जपून करावा. टाक्यांची सफाई झाल्यावर पाण्याचा पुरवठा सुरू होईल. 'ब' इमारतीतल्या रहिवाशांनी सोमवारपर्यंत नळाचं पाणी पिऊ नये."

याचा गोषवारा दोन वाक्यांत करा म्हटलं, तर सातवीतली मुलगीसुद्धा पाचवं वाक्य आधी उचलेल. संगणक काय उचलतो ते आपण पेन्सिल घेऊन पाहू. गोषवारा काढणाऱ्या जुन्या सोयींचा गाभा इतका साधा आहे की तो कागदावर मांडता येतो.

आधी 'आहे', 'होईल', 'येत्या' असे कुठल्याही मजकुरात भेटणारे शब्द बाजूला काढायचे. उरलेल्यांपैकी एकापेक्षा जास्त वेळा आलेले शब्द मोजायचे. 'टाक्यांची' ३ वेळा, 'सफाई' ३ वेळा, 'रविवारी', 'सकाळी', 'सुरू' आणि 'पाण्याचा' प्रत्येकी २ वेळा. आता प्रत्येक वाक्यात यांपैकी जे शब्द असतील त्यांच्या आकड्यांची बेरीज करायची. पहिल्या वाक्याला ८ गुण मिळतात, दुसऱ्याला १०, तिसऱ्याला ६, चौथ्याला १०. पाचव्याला शून्य.

म्हणजे गोषवारा असा झाला: "टाक्यांची सफाई सकाळी सात वाजता सुरू होईल. टाक्यांची सफाई झाल्यावर पाण्याचा पुरवठा सुरू होईल." कुठल्या दिवशी, ते गेलं. पिऊ नका, हेही गेलं. वाचायला मात्र तो अगदी नीटनेटका वाटतो, आणि मला काळजी वाटते ती याच नीटनेटकेपणाची.

शब्द मोजून वाक्यं निवडायची ही कल्पना हान्स पीटर लून यांची. आयबीएममधल्या या अभियंत्याने १९५८ साली शास्त्रीय लेखांचे सारांश यंत्राकडून काढून घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. क्रेडिट कार्डाचा आकडा टाइप करताना चुकला तर तो पकडणारं गणितही याच लूनचं. त्यांचा विचार असा होता की लेखक ज्या विषयावर बोलत असतो त्याचे शब्द तो पुन्हा पुन्हा वापरतो. फार वारंवार येणारे शब्द निरुपयोगी, एखाद्याच वेळी येणारेही निरुपयोगी, कामाचे ते मधले. लून नुसती बेरीज करत नव्हते. महत्त्वाचे शब्द वाक्यात किती दाटीने आलेत तेही पाहत. दोन महत्त्वाच्या शब्दांमध्ये चारपेक्षा जास्त इतर शब्द आले तर तो घोळका तिथेच तुटला असं धरायचं. मग घोळक्यातल्या महत्त्वाच्या शब्दांच्या संख्येचा वर्ग करून त्याला घोळक्यातल्या एकूण शब्दांनी भागायचं. सात शब्दांत चार महत्त्वाचे असतील तर १६ भागिले ७. ज्या काळात मजकूर यंत्रात भरणं हेच मोठं काम होतं, त्या काळात हे सुचलं याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पुढे मायक्रोसॉफ्टने हीच जातकुळी वर्ड ९७ मध्ये 'ऑटोसमराइझ' या नावाने घराघरांत नेली. टूल्सच्या यादीत ती असायची. मूळ मजकुराच्या २५ टक्के सारांश हे तिचं ठरलेलं माप, ते कमीजास्त करता येई. शाळेत आपण उताऱ्याचा एक तृतीयांश करायचो, त्याच्या जवळपासचंच हे. वर्डच्याच मदतीच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असे की वारंवार येणारे शब्द ज्या वाक्यात आहेत त्याला जास्त गुण मिळतात. वर्ड २०१० मध्ये ही सोय काढून टाकण्यात आली.

सारांश दाखवायच्या तिच्या चार पद्धती होत्या: मूळ मजकुरातच महत्त्वाची वाक्यं रंगवणं, सारांश मजकुराच्या डोक्यावर घालणं, नवी फाइल करणं, किंवा बाकीचं सगळं तात्पुरतं लपवणं. मी अहवाल संपादनाचं काम करतो, आणि या चारांत मला पहिलीच खरी उपयोगाची वाटली. रंगवलेलं वाचून झालं की डोळे आपोआप न रंगवलेल्या भागाकडे जातात. तिथे 'मात्र', 'वगळून', 'मुदत', 'दंड' असे शब्द आहेत का, एवढं पाहायला दोन मिनिटं लागतात. नव्या फाइलमध्ये गळलेलं वाक्य दिसतच नाही, मग ते गळलं हे कळणार कसं? एका संस्थेच्या बैठकीत असाच स्वतंत्र काढलेला सारांश वाटला गेला होता. त्यात एक वाक्य होतं: "त्यामुळे ती पुढच्या वर्षावर ढकलावी." ती म्हणजे काय, हे सांगणारं आधीचं वाक्य गुणांत मागे पडून गेलं होतं. भर बैठकीत मूळ अहवालाची पानं उलटावी लागली.

इथे आपल्या भाषेचा प्रश्न येतो, आणि तो मोठा आहे. सूचनेत पाण्याचा उल्लेख चारदा आहे: 'पाण्याच्या', दोनदा 'पाण्याचा' आणि एकदा 'पाणी'. आपल्याला तो एकच शब्द, यंत्राला तीन वेगळे. मराठी शब्द सामान्यरूप घेऊन प्रत्यय लावतो, त्यामुळे नुसती मोजदाद मराठीत अधिक फसते. रूपांतून मूळ शब्द ओळखण्याची पायरी आधी जोडली, तर पाण्याचे ४ गुण होतात. मग वाक्यांची बेरीज अनुक्रमे १२, १०, ८, १२ आणि ४ अशी बदलते. आता पहिलं आणि चौथं वाक्य निवडलं जातं, म्हणजे रविवार परत आला. सकाळी सातची वेळ गेली, पण निदान दिवस कळला. पाचवं वाक्य शून्यावरून चारवर आलं, तरी शेवटचंच राहिलं. आणखी एक गोष्ट अशी की 'नये' आणि 'नाही' हेही वारंवार येणारे म्हणून बाजूला काढलेल्या शब्दांत जाऊ शकतात. म्हणजे 'पिऊ नये' आणि 'प्यावं' यांना या गणितात सारखेच गुण.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी तर मजकूर मोजणंच अवघड होतं. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास ज्यांनी डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकुराची जुळणी, करून घेतलं आहे त्यांना ते फाँट आठवत असतील. पडद्यावर मराठी दिसायचं, पण फाइलमध्ये साठायची ती इंग्रजी अक्षरंच. कृतिदेव फाँटमध्ये पूर्णविरामाच्या जागी 'ण्' बसवलेला. त्यामुळे 'पाणी' हा शब्द संगणकाच्या लेखी आय, के, पूर्णविराम, के, एच. शब्दाच्या पोटातच पूर्णविराम! अशा मजकुरातून वाक्यं वेगळी कशी काढणार? याच शहरात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने भारतीय लिप्यांच्या संगणकीय वापरासाठी जे काम केलं, त्याची किंमत अशा ठिकाणी कळते.

आजची साधनं शब्द मोजत बसत नाहीत. २०१७ साली पुढे आलेल्या ट्रान्सफॉर्मर रचनेवरची, म्हणजे मजकुरातल्या शब्दांचे एकमेकांशी संबंध जोखणारी, भाषेची मॉडेल्स मजकूर वाचून स्वतःची वाक्यं लिहितात. 'पाणी' आणि 'पाण्याचा' यांचं नातं ती जाणतात, आणि पाचवं वाक्य बहुतेक वेळा पकडतातही. पण जुनं साधन वाक्य गाळायचं, नवं कधी वाक्य घालतं. मूळ मजकुरात नसलेली तारीख किंवा आकडा गोषवाऱ्यात सफाईदारपणे येऊन बसतो. म्हणून नव्या साधनाच्या सारांशातला प्रत्येक आकडा, प्रत्येक नाव आणि प्रत्येक नकार मी मूळ पानावर बोट ठेवून तपासतो.

आता पुन्हा आपल्या सूचनेकडे. पाचवं वाक्य वाचवायला ते असं लिहून पाहिलं: "टाक्यांची सफाई झाल्यावरही 'ब' इमारतीतल्या रहिवाशांनी सोमवारपर्यंत पाणी पिऊ नये." मूळ शब्द ओळखून मोजलं तर त्याला १२ गुण मिळतात, पण पहिल्या आणि चौथ्या वाक्याला १४. तरीही ते बाहेरच. संशोधक एच. पी. एडमंडसन यांनी १९६९ साली शब्दांच्या मोजणीला आणखी तीन खुणा जोडून पाहिल्या: मथळ्यातले शब्द, वाक्याची जागा, आणि 'महत्त्वाचं' यासारखे इशारा देणारे शब्द. त्यांच्या प्रयोगात सर्वांत चांगला निकाल या तीन खुणांच्या जोडणीने दिला, आणि शब्दांची वारंवारता त्या जोडणीत नव्हतीच.

तेव्हा मी ते वाक्य फळ्यावर सगळ्यात वर नेलं, त्याआधी 'महत्त्वाचं' लिहिलं आणि मथळा दिला: 'ब' इमारत, सोमवारपर्यंत पाणी पिऊ नये.