जुमारचे दाते आणि दोराची साल

पावसाळा सरला की कोल्हापुरातल्या गिर्यारोहकांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास फिरायला लागतो: जुमार, म्हणजे दोरावर वर सरकणारं आणि भार पडला की दोर धरून ठेवणारं मुठीचं साधन, कुठला घ्यावा? पन्हाळा ते विशाळगड पायी करून आलेल्यांपैकी काहींना आता पायवाट पुरत नसते. कुणी कड्यावरच्या दोराचा सराव सुरू केलेला असतो, कुणी उत्तरकाशीच्या किंवा दार्जिलिंगच्या बेसिक कोर्सला नाव नोंदवलेलं असतं. कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकर यांनी मे २०२२ मध्ये एव्हरेस्ट सर केलं. त्या वाटेवर बांधलेल्या दोरांवर चढणाऱ्या प्रत्येकाच्या मुठीत हेच साधन असतं, त्यामुळे त्याबद्दलचं कुतूहल घरोघरी पोचलंय.

प्रश्नाला उत्तरं येतात ती कंपन्यांच्या नावांची. पेट्झल घे, कॅम्प घे, अमुक स्वस्त पडतो, तमुक हलका आहे. माझं म्हणणं असं की सुरुवात जुमारपासून करूच नये. आधी दोर बघावा. जुमार चांगला की वाईट हे दोरावर ठरतं, आणि जुमार चुकीचा वापरला तर पहिला घाव दोरावरच बसतो.

दोरावरून वर सरकायची युक्ती जुमारच्या आधीचीच. ऑस्ट्रियाचे कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये मांडलेली गाठ आजही प्रत्येक गिर्यारोहकाला बांधता यावी लागते. बारीक दोरीचे वेढे जाड दोराभोवती घ्यायचे; भार पडला की वेढे आवळतात, भार काढला की हाताने वर सरकवता येतात. पण भार पडून आवळलेली गाठ ओल्या, थंड हातांनी पुन्हापुन्हा सैल करणं म्हणजे बोटांची परीक्षाच. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या आडोल्फ युसी आणि वाल्टर मार्टी यांनी मुठीचं धातूचं साधन तयार केलं. युसी गरुडांचा अभ्यास करत होते, घरट्यांपर्यंत दोरावरून जायची त्यांना वरचेवर गरज पडे. त्यांच्या साधनाचं जुमार हे नाव पुढे सगळ्याच कंपन्यांच्या साधनांना लागलं.

दुकानात जुमार हातात आला की आधी त्याचा खटका दाबून आतला कॅम उघडा. एका बाजूला ॲल्युमिनियमचा दुमडलेला पत्रा दिसेल, त्याच्या खोबणीत दोर बसतो. समोर पिनेवर फिरणारा पोलादी कॅम आणि त्याच्या तोंडावर बारीक दाते. बोट हलकेच फिरवून पाहा. वरून खाली फिरवलं तर ते जवळजवळ अडखळत नाही, खालून वर नेलं की टोचतं. दाते खालच्या दिशेने कललेले असतात. जुमार वर ढकलला की दोर त्याच्यातून खालच्या बाजूला सरकतो आणि दाते त्याला वाट देतात. जुमारवर भार आला की उलटं होतं. जुमार खाली ओढला जातो, दोर दात्यांना वर ओढतो, त्या ओढीनेच कॅम फिरतो आणि दोराला खोबणीत चेपतो. भार जितका जास्त, तितका चेपा घट्ट. आतली स्प्रिंग पकड देत नाही, तिचं काम फक्त दाते दोराला टेकवून ठेवायचं. पकड देतं ते तुमचंच वजन.

मग दाते लागतातच कशाला? नुसत्या गुळगुळीत कॅमनेही दोर चेपता येतो. पण नायलॉन आणि पॉलिश केलेला धातू यांच्यातलं घर्षण फार नसतं. नुसत्या घर्षणावर भागवायचं तर कॅम दोरावर अगदी थोड्याच कोनात टेकायला हवा. तो कोन जरा वाढला की पकड सुटते. असा कॅम ठरावीक जाडीच्या दोरावरच चालेल. दाते दोराच्या विणीत अडकतात, त्यामुळे कोनाला सवड मिळते आणि एकच जुमार ८ पासून १३ मिलिमीटरपर्यंतच्या दोरांवर चालू शकतो. गाळ लागलेल्या, बर्फाने माखलेल्या दोरावरही तो धरतो ते याच कारणाने. ही सोय मोठी आहे, पण तिची किंमत दोराला मोजावी लागते.

आपला गिर्यारोहणाचा दोर दोन थरांचा असतो. आत नायलॉनच्या धाग्यांचा गाभा, बाहेर विणलेलं कवच. बहुतेक ताकद गाभ्यात असते, कवच त्याला घासण्यापासून, धुळीपासून, उन्हापासून जपतं. जुमारचे दाते फक्त कवचाला धरतात. सावकाश पडणाऱ्या भाराला हे पुरतं, पण अचानक मोठा झटका बसला तर कवच त्या जागी फाटतं आणि उसाचं टिपरू सोलताना साल निघावी तसं गाभ्यावरून खाली घसरत जातं. किती भाराला असं होतं हे दोराच्या जाडीवर आणि विणीवर अवलंबून असतं, पण साधारण ४ ते ६ किलोन्यूटनच्या पट्ट्यात हे घडू लागतं. ४ किलोन्यूटन म्हणजे सुमारे ४०० किलोचं वजन टांगल्यासारखं. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण ८० किलोच्या माणसाच्या वजनाच्या ते जेमतेम पाच पट आहे, आणि न ताणणाऱ्या दोरावर थोडंसं पडलं तरी झटका पाच पटींच्या पुढे जाऊ शकतो.

युरोपचं ईएन ५६७ हे मानक या साधनांसाठीच आहे. त्यातली चाचणीही ४ किलोन्यूटनची, आणि तीही संथ ओढीची. पडणारा माणूस झेलण्याची परीक्षा या मानकात नाही. नव्याने शिकणाऱ्याला मी ही गोष्ट सगळ्यात आधी सांगतो. जुमारवर ईएन ५६७ आणि दोराच्या जाडीचा आकडा कोरलेला नसेल तर तो खालीच ठेवा, आणि कोरलेला असला तरी पडणं झेलायला त्याच्यावर विसंबू नका.

याच्याच पुढची गोष्ट फारसं कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. दोर जितका लांब तितका तो ताणून झटका जिरवतो. कड्याच्या तळाशी असताना तुमच्या आणि वरच्या अँकरच्या, म्हणजे दोर जिथे बांधलाय त्या जागेच्या, मध्ये ३० मीटर दोर असतो, तेव्हा छोटा हिसका बसला तरी दोर तो जिरवतो. वर पोचत आलात, अँकर डोक्यावर हातभर उरला, की झटका जिरवायला दोर उरतच नाही. नेमकी हीच वेळ दमलेल्या माणसाची घाईची असते. जुमार अँकरपर्यंत नेलेला असतो, माणूस कड्याच्या काठावर चढून जुमारच्याही वर उभा राहतो आणि कमरेच्या हार्नेसपासून जुमारला जोडलेली पट्टी, म्हणजे स्लिंग, सैल पडते. पाय सरकला तर सगळा झटका हातभर दोरावर आणि त्या दात्यांवर. म्हणून नियम एकच: शरीर कायम जुमारच्या खाली आणि स्लिंग कायम ताठ. वर पोचताच, सैल होण्याआधी, अँकरला सेफ्टी, म्हणजे हार्नेसची दुसरी स्लिंग, लावायची.

आता दोर कोणता. कोल्हापूरच्या आसपास सरावाला बहुतेक ठिकाणी १०.५ किंवा ११ मिलिमीटरचे स्टॅटिक, म्हणजे कमी ताणणारे, दोर वापरतात. हिमालयातल्या मोहिमांत बांधलेले दोर बऱ्याचदा याहून बारीक असतात. स्टॅटिक दोरासाठीच्या ईएन १८९१ मानकात भार ५० वरून १५० किलोवर नेला तर ताण ५ टक्क्यांच्या आत असावा लागतो. पडणं झेलणाऱ्या डायनॅमिक दोराला ८० किलोच्या टांगत्या भाराला १० टक्क्यांपर्यंत ताण चालतो. म्हणजे ३० मीटरच्या डायनॅमिक दोरावर जुमार लावून पाय दिलात तर सुरुवातीला तीन मीटरपर्यंत नुसता दोरच ताणला जाईल, तुम्ही जमिनीपासून जेमतेम सुटाल. वरून दोर कड्याच्या धारेवर मागेपुढे घासत राहील तो वेगळाच. जुमार शिकायचा तो स्टॅटिक दोरावर.

आपला दगडही लक्षात घ्यायला हवा. पन्हाळ्यापासून गगनबावड्यापर्यंत माथ्यावर जांभा आणि त्याखाली काळा बसाल्ट. जांभ्याची तांबडी माती पावसात दोराच्या विणीत शिरते आणि वाळली की तिचे बारीक कण आतून धागे कापतात. तोच चिखल कॅमच्या दात्यांत बसला की दाते बुजतात आणि जुमार घसरायला लागतो. म्हणून कॅमच्या तोंडाला मधोमध आरपार खाच आहे का, हे बघून घ्या. दाबला गेलेला चिखल किंवा बर्फ त्या खाचेतून बाहेर पडतो. पावसाळ्यात इकडे सराव करणाऱ्याला ही खाच हलक्या वजनापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

वजनावर लोक फार बोलतात. मुठीचे चांगले जुमार साधारण दीडशे ते सव्वादोनशे ग्रॅमच्या दरम्यान येतात. त्या फरकापेक्षा मूठ मला महत्त्वाची वाटते. हिमालयात जाणार असाल तर दुकानात जाताना जाड हातमोजे घेऊन जा. मोजा घातलेली चारही बोटं मुठीत बसतात का, अंगठ्याने खटका उघडून कॅम मागे अडकवता येतो का आणि नकळत तो उघडत तर नाही ना, हे तिथेच पाहा. हे तिन्ही जमलं तरच पुढचं बोला. डावा जुमार आणि उजवा जुमार वेगळा असतो, ज्या हाताने वर ढकलणार त्या हाताचा घ्या.

भोकं मोजा. खाली मुठीच्या तळाशी दोन वेगळी भोकं असली तर हार्नेसची स्लिंग आणि पाय देण्याचा फास, म्हणजे फूट लूप, वेगवेगळ्या कॅराबिनरवर (झडपेच्या कड्यांवर) लावता येतात, एकावर एक चढत नाहीत. वरचं भोक तर अजिबात विसरायचं नाही. दोर तिरका बांधलेला असेल, म्हणजे आडवं जायचं असेल, तर जुमार कलतो आणि उघड्या बाजूने दोर बाहेर निसटू शकतो. वरच्या भोकातून कॅराबिनर घालून तो दोराला अडकवला की ती वाट बंद होते. अँकर आला की आधी सेफ्टीचा कॅराबिनर पुढच्या दोरावर, मग जुमार काढून पुढे. हा क्रम कधीही उलटा करायचा नाही.

मुठीचे दोन जुमार घ्यावेत की एक? हिमशिखरांवर बांधलेल्या दोराला एक जुमार आणि एक सेफ्टी पुरते, कारण पाय बर्फाच्या उतारावर असतात. सरळ कड्यावर, दोरावर लटकून चढायचं असेल तर माझा कौल एका मुठीच्या जुमारला आणि छातीवर बसणाऱ्या क्रोलला, म्हणजे बिनमुठीच्या छोट्या जुमारला. फूट लूपमध्ये पाय देऊन उभं राहिलं की क्रोल दोरावरून आपोआप वर सरकतो, बसलं की वजन क्रोलवर येतं आणि हात मोकळा होतो. कामाचा हिशेब करून पाहा. साहित्यासह ७० किलो वजन ३० मीटर वर न्यायला सुमारे २०,६०० ज्यूल लागतात, म्हणजे पाच किलोकॅलरीही नाहीत. शरीर प्रत्यक्षात याच्या कैक पट खर्च करतं, आणि हातांनी ओढत चढणाऱ्याचा खर्च आणखी वाढतो. भार मांड्यांनी उचलायचा, हाताने फक्त तोल सांभाळायचा. त्यासाठी फूट लूपची लांबी अशी ठेवा की ताठ उभं राहिल्यावर क्रोल मुठीच्या जुमारच्या लगेच खाली येईल. हार्नेसपासून जुमारपर्यंतची स्लिंग मात्र हाताच्या पल्ल्याहून लांब नको. तिच्यावर लटकल्यावर खटक्यापर्यंत बोट पोचलं नाही, तर माणूस दोरावरच अडकून पडतो.

स्वस्त नकलेबद्दल स्पष्ट बोलतो. २०११ मध्ये पेट्झलने आपल्याच जुमारच्या आणि क्रोलच्या बनावट नकला बाजारात आल्याचा इशारा दिला होता. त्या दिसायला इतक्या सारख्या होत्या की कोरलेल्या खुणाही उतरवलेल्या होत्या. आपल्या उद्यमनगरच्या कारखान्यांत काम करणाऱ्याला हे समजवावं लागत नाही. आकार उतरवणं एक, आणि पोलादाचं हीट ट्रीटमेंट जमणं दुसरं. दाते मऊ राहिले तर लवकर गोल होतात, फार कडक झाले तर तुटतात, आणि दोन्ही गोष्टी बाहेरून दिसत नाहीत. त्यामुळे अधिकृत विक्रेत्याकडूनच, बिलासह घ्या. कुणी वापरलेला जुमार स्वस्तात देत असेल तर त्याचा इतिहास तुम्हाला ठाऊक असल्याशिवाय नको.

घेतल्यावर दर वेळी दोन मिनिटं द्या. दात्यांवर उजेड पाडून बघा, एखादा तुटलाय का, टोकं गोल झालीत का. दोर ज्या खोबणीतून जातो तिथे बोट फिरवा. चिखलाच्या दोरांनी ॲल्युमिनियममध्ये चर पडतो आणि त्याची धार दोर कापू शकते. कॅम सोडल्यावर स्वतःहून झटकन परत यायला हवा. काढताना खटका ओढत बसू नका, जुमार आधी किंचित वर ढकला, दाते विणीतून सुटतात, मग उघडा. जोरात ओरबाडलं तर कवचाचे धागे निघतात. घरी आल्यावर साध्या पाण्यात जुन्या टूथब्रशने तांबडी माती काढा, सावलीत वाळवा, पिनेपाशी हलक्या तेलाचा एक थेंब सोडून जास्तीचं तेल फडक्याने पुसून घ्या, म्हणजे ते दोराला लागणार नाही.