काही संकेतस्थळे उघडतात, काही उघडत नाहीत: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे सेवा घेणारी कार्यालये, पतसंस्था, दुकाने आणि महा ई-सेवा केंद्रे यांच्याकडून एक तक्रार वारंवार येते. इंटरनेट चालू आहे, यूट्यूब दिसते, गूगलवर शोध लागतो, परंतु बँकेचे, जीएसटीचे किंवा एखाद्या शासकीय विभागाचे संकेतस्थळ काही केल्या उघडत नाही. अशा वेळी बहुतेक जण राउटर बंद करून पुन्हा चालू करतात, आणि तेवढ्याने भागले नाही की संगणक फॉरमॅट करून मागतात. या तक्रारीसाठी फॉरमॅटची गरज क्वचितच पडते, आणि त्यात कामाच्या फायली गमावण्याचा धोका मात्र असतो. दोष नेमका कोठे आहे हे आधी ठरवता आले, तर पुष्कळदा आम्हाला बोलावण्याचीही आवश्यकता राहत नाही. त्यासाठीच ही माहिती सविस्तर देत आहोत.

दोष कोठे आहे ते आधी ठरवावे

एकही संकेतस्थळ उघडत नसते, तर जोडणीच तुटली आहे असे म्हणता आले असते. काही उघडतात, याचा अर्थ जोडणी जिवंत आहे. बिघाड त्या संकेतस्थळात, सेवा देणाऱ्या कंपनीच्या जाळ्यात, राउटरमध्ये, संगणकात किंवा केवळ ब्राउझरमध्ये असू शकतो. हे वेगळे काढण्यासाठी तेच संकेतस्थळ मोबाइलवर, वाय-फाय बंद ठेवून, मोबाइल डेटावर उघडून पाहावे. तेथेही ते उघडले नाही, तर ते संकेतस्थळच बंद असण्याची शक्यता अधिक असते. दहावी-बारावीच्या निकालाच्या दुपारी किंवा प्राप्तिकर विवरणपत्र भरण्याच्या अखेरच्या दिवशी हा अनुभव अनेकांनी घेतलेला आहे. पडद्यावर ५०२, ५०३ किंवा ५०४ हे आकडे दिसले, तर दोष समोरच्या सर्व्हरकडे आहे असे समजावे आणि आपल्या संगणकातील कोणतीही सेटिंग बदलू नये. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या यंत्रणेत बिघाड झाला, तेव्हा तिच्यामार्फत चालणारी असंख्य संकेतस्थळे जगभर एकाच वेळी बंद पडली होती. त्या वेळी ग्राहकाने थांबण्यापलीकडे काही करण्यासारखे नव्हते.

मोबाइल डेटावर संकेतस्थळ उघडत असेल, तर तोच मोबाइल कार्यालयाच्या वाय-फायला जोडून पुन्हा पाहावे. वाय-फायवर उघडले नाही, तर दोष राउटरमध्ये किंवा इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे आहे. वाय-फायवर मोबाइलमध्ये उघडते आणि संगणकात उघडत नाही, तर दोष संगणकात आहे. शेवटी संगणकावर दुसरा ब्राउझर वापरून पाहावा. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की क्रोम आणि एज हे दोन्ही ब्राउझर क्रोमियम या एकाच गाभ्यावर बांधलेले आहेत, म्हणून तुलनेसाठी फायरफॉक्स घेणे अधिक उपयोगी ठरते.

संगणकाचे घड्याळ

हे कारण इतके साधे आहे की कोणी तिकडे पाहत नाही, आणि जुन्या डेस्कटॉप संगणकांच्या बाबतीत आम्ही सर्वप्रथम तेच पाहतो. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ एक डिजिटल प्रमाणपत्र असते व त्यावर ते कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत वैध आहे हे नोंदलेले असते. ब्राउझर ती तारीख आपल्या संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. मदरबोर्डवरील सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली, की रात्री मुख्य बटण बंद केल्यावर घड्याळ मागे पडते आणि सकाळी संगणक एखाद्या जुन्याच वर्षात सुरू होतो. मग ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ अशा अर्थाचा इशारा येतो.

घड्याळ काही वर्षांनी चुकलेले असेल, तर जवळजवळ सर्वच संकेतस्थळे अडतात आणि कारण लवकर कळते. ते केवळ एखाद्या महिन्याने मागे असेल, तर मात्र गोंधळ होतो. संकेतस्थळांना अशी प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रे सर्वसाधारणपणे ९० दिवसांची असतात व ती त्याआधीच बदलली जातात. ज्या संकेतस्थळाने आपले प्रमाणपत्र गेल्या आठवड्यात बदलले, ते मागे पडलेल्या घड्याळाला ‘अजून सुरूच न झालेले’ वाटते. ज्याने दोन महिन्यांपूर्वी घेतले, ते विनातक्रार उघडते. म्हणून दिनांक, वेळ आणि भारतीय प्रमाणवेळेचे क्षेत्र ही तिन्ही तपासावीत, वेळ आपोआप जुळवण्याची सेटिंग चालू ठेवावी, आणि घड्याळ रोज मागे पडत असेल तर ती बॅटरी बदलून घ्यावी.

घड्याळ बरोबर असूनही प्रमाणपत्राचा इशारा येत असेल, तर तो ओलांडून पुढे जाऊ नये. बँकेच्या, कराच्या किंवा पासवर्ड मागणाऱ्या कोणत्याही पानावर हा नियम कटाक्षाने पाळावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. काही अँटिव्हायरस सुरक्षित संवाद स्वतः उघडून तपासतात व त्यासाठी आपले प्रमाणपत्र मध्ये घालतात. त्यामुळेही असा इशारा येऊ शकतो. परंतु अँटिव्हायरस बंद करून काम उरकण्यापेक्षा तो अद्ययावत करणे अधिक योग्य आहे.

जुनी विंडोज, जुना ब्राउझर

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने दिलेला आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा, १४ जानेवारी २०२० रोजी संपला. त्या विंडोजवर क्रोमची १०९ क्रमांकाची आवृत्ती ही अखेरची, आणि फायरफॉक्सची ११५ क्रमांकाची दीर्घकालीन आवृत्ती ही अखेरची मालिका. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. जुना ब्राउझर पहिल्या दिवशी काहीच तक्रार करत नाही. एकेक संकेतस्थळ नव्या पद्धतीकडे जाते तसतसे ते त्यावर उघडेनासे होते, आणि ग्राहकाला वाटते की त्या संकेतस्थळालाच काहीतरी झाले आहे. सुरक्षित संवादाच्या टीएलएस १.० व १.१ या जुन्या पद्धती प्रमुख ब्राउझरांनी २०२० पासून मोडीत काढल्या, त्यामुळे उलट दिशेनेही हीच अडचण येते: संकेतस्थळ जुने राहिले आणि ब्राउझर नवा असला, तर ब्राउझरच दार बंद करतो.

३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रे ज्यावर विसंबून होती ते एक जुने मूळ प्रमाणपत्र (इतर प्रमाणपत्रांची खात्री ज्यावरून पटवली जाते ते, संगणकात साठवलेले प्रमाणपत्र) कालबाह्य झाले. ज्या संगणकांतील मूळ प्रमाणपत्रांच्या यादीत नवे प्रमाणपत्र पोहोचलेले नव्हते, त्यांवर त्या दिवसापासून अनेक चांगली संकेतस्थळे असुरक्षित म्हणून अडू लागली. फायरफॉक्स मूळ प्रमाणपत्रांची स्वतःची यादी बाळगतो, म्हणून अशा संगणकावर तो तात्पुरता मार्ग म्हणून वापरता येतो. तरीही पतसंस्थेचे किंवा कर सल्लागाराचे काम विंडोज ७ वर चालू ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काही जुनी कार्यालयीन संकेतस्थळे केवळ इंटरनेट एक्सप्लोररसाठी बनवलेली होती. मायक्रोसॉफ्टने तो ब्राउझर १५ जून २०२२ रोजी निवृत्त केला, परंतु एज ब्राउझरमध्ये ‘इंटरनेट एक्सप्लोरर मोड’ उपलब्ध आहे. तो सेटिंगमध्ये चालू करून केवळ त्या एका संकेतस्थळासाठी वापरावा.

यूट्यूब चालते, बाकीचे नाही

या एका लक्षणामागे एक विशिष्ट कारण असू शकते आणि ते फारसे कोणी सांगत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. इंटरनेटवर सध्या पत्त्यांच्या दोन पद्धती एकाच वेळी चालतात, आयपीव्ही ४ आणि आयपीव्ही ६. गूगल, यूट्यूब आणि फेसबुक दोन्हींवर उपलब्ध आहेत. अनेक संकेतस्थळांना मात्र अजूनही फक्त आयपीव्ही ४ चाच पत्ता आहे. सेवा देणाऱ्या कंपनीकडून आपल्या राउटरला आयपीव्ही ४ मिळणे बंद झाले आणि आयपीव्ही ६ चालू राहिले, तर यूट्यूब विनातक्रार चालते व बँकेचे पान फिरतच राहते. यावर राउटर दोन मिनिटे बंद ठेवून चालू करावा. तरीही फरक पडला नाही, तर कंपनीला ‘इंटरनेट बंद आहे’ असे न सांगता ‘आयपीव्ही ४ ची जोडणी तपासा’ असे नेमके सांगावे. मोघम तक्रार केली, तर वेग मोजून पाहिला जातो आणि तक्रार निकाली निघते.

दुसरे कारण राउटर बदलल्यानंतर दिसते. ज्या फायबर जोडण्यांत राउटरमध्ये वापरकर्ता नाव आणि पासवर्ड भरावा लागतो, त्यांत बहुधा पीपीपीओई ही पद्धत असते. इंटरनेटवरील माहिती लहान तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत, जाते. साध्या जाळ्यात एका पाकिटाचा आकार जास्तीत जास्त १५०० बाइट असतो, तर पीपीपीओई त्यातले ८ बाइट स्वतःसाठी घेते आणि १४९२ उरतात. राउटरमधील एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) ही संख्या १५०० राहिली असेल आणि वाटेत कोठेतरी ‘पाकीट मोठे आहे’ हा निरोप अडवला जात असेल, तर लहान पाने उघडतात, मोठी पाने अर्धवट येऊन थांबतात. विंडोजच्या पिंग (समोरून उत्तर येते का ते तपासणाऱ्या) आज्ञेत पाकिटाचे तुकडे न करण्याची सूचना देऊन १४७२ बाइट पाठवले असता उत्तर येत नाही आणि १४६४ पाठवले असता येते, असे दिसले तर एमटीयू १४९२ करावा. राउटरच्या सेटिंगची सवय नसलेल्यांनी हे काम आमच्यावर सोपवावे.

नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस यंत्रणा हे तिसरे ठिकाण. ‘संकेतस्थळाचा पत्ता सापडला नाही’ असा संदेश येत असेल व नाव अचूक टंकले असेल, तर राउटरमध्ये किंवा संगणकात डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा पत्ता घालून पाहावा. संगणकातील होस्ट्स नावाच्या फाइलमध्ये एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरने किंवा विषाणूने त्या संकेतस्थळाच्या नावापुढे चुकीचा पत्ता लिहून ठेवलेला नाही ना, हेही आम्ही तपासतो. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमधील प्रॉक्सीही (इंटरनेटची ये-जा दुसऱ्या संगणकामार्फत वळवणारी सोय) याच वेळी पाहावी: आपण लावलेली नसताना ती चालू असेल तर बंद करावी आणि विषाणूची तपासणी करून घ्यावी.

न्यायालयाच्या आदेशाने किंवा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९-अ अन्वये शासनाने बंद केलेली संकेतस्थळेही ‘उघडत नाहीत’. ती उघडून देण्याचे काम आम्ही स्वीकारत नाही.

केवळ एकाच ब्राउझरमध्ये अडचण असल्यास

प्रथम खाजगी खिडकी उघडावी. क्रोम व एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन, तर फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी. तेथे संकेतस्थळ उघडले, तर दोष साठवलेल्या कुकींत (संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या लहान नोंदींत) किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये (ब्राउझरला जोडलेल्या लहान प्रोग्राममध्ये) आहे. जाहिराती रोखणारी एक्स्टेन्शन्स पैसे भरण्याची पाने वारंवार अडवतात. ती एकेक करून बंद करून पाहावी. कुकी फार साठल्या की काही संकेतस्थळे ४०० क्रमांकाची त्रुटी दाखवतात. त्या वेळी सर्व इतिहास पुसण्याऐवजी ब्राउझरच्या सेटिंगमधून केवळ त्याच संकेतस्थळाच्या कुकी काढाव्यात. सर्व काही पुसण्याच्या घाईत साठवलेले पासवर्डही पुसले जातात आणि मग अडचण दुप्पट होते. उतारा किंवा पावती नव्या खिडकीत उघडणाऱ्या संकेतस्थळांसाठी पॉप-अपची परवानगी द्यावी लागते. बटण दाबूनही काहीच घडत नसेल, तर पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला अडवलेल्या पॉप-अपचे चिन्ह आहे का ते पाहावे.

व्हीपीएन (आपली जोडणी दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्फत वळवणारी सेवा) चालू असल्यास तोही बंद करून पाहावा. काही शासकीय संकेतस्थळे भारताबाहेरच्या पत्त्यांना प्रवेश देत नाहीत, आणि व्हीपीएनमुळे नाशिकमधील संगणकही सिंगापूरमधील वाटू शकतो. परदेशी राहणारे आपले नातेवाईक गावच्या जमिनीचा उतारा पाहू शकत नाहीत, त्यामागेही हे कारण असू शकते. अशा वेळी उतारा येथूनच काढून त्यांना पाठवणे सोपे पडते.

बँकांचे बदललेले पत्ते

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या नव्या नावांवर न्यावयाची होती. जुना बुकमार्क वापरणाऱ्यांना त्यामुळे संकेतस्थळ बंद पडल्यासारखे वाटू शकते. नवा पत्ता बँकेच्या शाखेतून किंवा पासबुकावरून घ्यावा, स्वतः टंकावा आणि जुना बुकमार्क काढून टाकावा. ‘आमचे संकेतस्थळ बदलले आहे, येथे दाबा’ अशा संदेशातील दुव्यावर जाऊ नये, कारण खऱ्या बदलाच्या काळातच असे खोटे संदेश अधिक खपतात.

आम्हाला कळवताना

संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता, पडद्यावरील संदेशाचे स्पष्ट छायाचित्र, ते मोबाइल डेटावर व वाय-फायवर उघडते का, दुसऱ्या ब्राउझरमध्ये काय होते, आणि त्या आधीच्या दोन-तीन दिवसांत राउटर, अँटिव्हायरस किंवा विंडोजमध्ये कोणता बदल झाला, एवढे कळवावे. एवढ्यावरून आमचा तंत्रज्ञ पुष्कळदा दूरध्वनीवरच उपाय सांगू शकतो. आमचा कोणताही कर्मचारी आपला पासवर्ड, ओटीपी किंवा डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनाचा पिन विचारणार नाही. बँकेचे किंवा जीएसटीचे पान तपासावयाचे असल्यास लॉगिन आपण स्वतः करावे आणि तपासणी संपेपर्यंत संगणकासमोर बसून राहावे. संगणक दुरून हाताळण्याचे ॲप आम्ही केवळ आपण स्वतः आम्हाला दूरध्वनी केल्यानंतर वापरतो. आमचे नाव सांगून कोणी आपणहून असे ॲप घेण्यास सांगितले, तर ते घेऊ नये आणि आमच्या दुकानात लगेच कळवावे.