मोड आलेली कडधान्ये

मूग, मटकी, वाल, हुलगे (कुळीथ), चवळी, मसूर अशी अख्खी कडधान्ये भिजवून, त्यांना अंकुर फुटू देऊन मग शिजवण्याची पद्धत. महाराष्ट्र आणि गोव्याच्या रोजच्या जेवणातल्या उसळी, मिसळीतली मटकी आणि वालाचे बिरडे हे सगळे यातूनच होते.

कडधान्य निवडून, धुऊन रात्री भरपूर पाण्यात भिजत घालतात. सकाळी पाणी उपसून पुन्हा धुतात आणि ओल्या सुती फडक्यात गच्च बांधून उबेला ठेवतात. मुगाला मोड लवकर येतात. वाल आणि हुलगे वेळ घेतात, थंडीत तर जास्तच. भिजूनही टणक राहिलेला दाणा म्हणजे गणंग. तो वेळीच वेचावा, नाहीतर ऐन घासात दाताखाली येतो. वालांचे काम इथे संपत नाही. मोड आले की ते कोमट पाण्यात टाकतात आणि एकेक दाणा चिमटीत धरून दाबतात. साल बोटांत राहते आणि पिवळसर डाळिंबी टुणकन बाहेर येते. वाटीभर वाल सोलायला घरातले दोन-तीन हात लागतात.

दाण्याला पाणी मिळाले की आतली विकरे (एन्झाइम) जागी होतात. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व अंकुरताना तयार होते. लोह आणि जस्त धरून ठेवणारे फायटिक आम्ल कमी होते, त्यामुळे ही खनिजे शरीराला अधिक मिळतात. पोटात वात धरणाऱ्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्कराही घटतात. काहीजणांना उसळ डाळीपेक्षा हलकी वाटते ती यामुळे. मोड आणल्याने प्रथिने कित्येक पटींनी वाढतात, हे मात्र खरे नाही. कोरड्या मुगात 100 ग्रॅममागे सुमारे 24 ग्रॅम प्रथिने असतात. मोड आलेल्या मुगात पाणी मुरलेले असल्याने तेवढ्याच वजनात ती बरीच कमी भरतात. वाटीभर उसळ भरपेट प्रथिनांची समजून बाकीचे जेवण आखडते घेणे म्हणूनच चुकीचे.

उसळीबरोबर भाकरी, पोळी किंवा भात असतोच, आणि ही जोडी पक्की आहे: प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी धान्यात कमी असलेले लायसिन कडधान्य पुरवते, कडधान्यात कमी असलेले मेथिओनिन धान्यातून येते. क जीवनसत्त्व उष्णतेने नासते, म्हणून उसळ फार वेळ रटरटू देऊ नये आणि लिंबू ताटात आल्यावर पिळावे. त्या लिंबाने कडधान्यातले लोहही चांगले शोषले जाते.

कच्चे मोड खाणे आरोग्याचे, असा समज आता बराच पसरला आहे. तो तपासून घ्यायला हवा, कारण ज्या उबेत आणि ओलाव्यात मोड वाढतात, त्यातच जिवाणूही वाढतात. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जिवाणूची मोठी साथ आली, तिचा माग मेथीच्या मोडांपर्यंत लागला. 50 हून अधिक माणसे दगावली. गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि आजारी माणसांनी मोड शिजवूनच खावेत, इतरांनीही निदान वाफवून घ्यावेत. मोड बुळबुळीत लागले किंवा आंबूस वास आला तर ते टाकून द्यावेत. राजमा कच्चा कधीच खाऊ नये: त्यातल्या लेक्टिन या प्रथिनामुळे उलट्या आणि जुलाब होतात, आणि ते जायला तो चांगला खळखळून उकळावा लागतो.